रेडिएटर वर गार की खाली गार? ब्रिटनमधल्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानमालेत बॉयलर कशाला, असा प्रश्न काहींना पडला असेल. पण घरातल्या यंत्राला सामान्य माणसाने कुठवर हात लावायचा, ही रेघ गेल्या साठ-सत्तर वर्षांत कशी सरकत गेली, ते ब्रिटनमधल्या सेंट्रल हीटिंगमध्ये फार स्वच्छ दिसतं.

आधी यंत्र समजून घेऊ. बॉयलरमध्ये पाणी तापतं, पाइपांतून घरभर फिरतं, खोलीखोलीतल्या रेडिएटरना ऊब देऊन परत येतं. आपल्या बंबातलं पाणी आपण काढून वापरतो. इथे तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. हा फरक लक्षात ठेवा, बरेचसे बिघाड त्यातूनच निघतात.

1952 च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुकं पसरलं, 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि कोळशाच्या शेगड्या मागे पडू लागल्या. पूर्वी गरम पाणी हलकं होऊन आपसूक वर चढायचं, त्याला जाड पाइप लागत. छोटे विजेचे पंप आले तसा अर्ध्या इंचाचा तांब्याचा पाइप पुरू लागला. आणि तो हौशी माणसाला घरीच वाकवता येतो, जोडता येतो! बॅरी बकनेल तेव्हा बीबीसीवर घरदुरुस्ती शिकवत. 1962 मध्ये तर त्यांनी एक मोडकळीला आलेलं अख्खं घर कार्यक्रमातच दुरुस्त करायला घेतलं. त्या हवेत कितीतरी लोकांनी घरातलं हीटिंग स्वतःच बसवलं. बसवलं म्हणजे बिघडल्यावर उघडणंही आलंच.

निदानाचं मुख्य साधन होतं तळहात. रेडिएटर वर गार, खाली गरम, तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करायचं, रेडिएटर निवला की वरच्या कोपऱ्यातल्या झडपेला छोटी चावी लावून अर्धा फेरा द्यायचा. फुस्स आवाज थांबून पाणी दिसलं की बंद. हल्लीच्या बंद प्रणालीत त्यानंतर काट्यावरचा दाब बघायचा, थंड असताना साधारण 1 ते 1.5 बार. उलट, रेडिएटर वर गरम आणि खाली गार असेल तर चावीचा उपयोग नाही. तळाशी काळा गाळ बसलेला असतो. तेच तेच पाणी आतलं पोलाद गंजवतं, त्याचा हा मॅग्नेटाइट. गंमत म्हणजे या गंजण्यातून हायड्रोजन सुटतो. म्हणून दर पंधरवड्याला 'हवा' काढावी लागत असेल, तर ती बहुधा हवा नसतेच! मग पाणी काढून, गाळ धुऊन, गंजरोधक रसायन घालावं लागतं. उन्हाळाभर बंद राहिलेला जुना पंप अडकला, तर वीज बंद करून पुढचा स्क्रू काढायचा आणि आतला दांडा स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. थोडं पाणी सांडतं, खाली फडकं ठेवायचं.

हे सगळं पाण्याच्या बाजूचं. गॅसच्या बाजूला गोष्ट वेगळी वळली. 16 मे 1968 च्या सकाळी पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत, 18 व्या मजल्यावर गॅस शेगडी पेटवताना स्फोट झाला. इमारतीचा एक कोपराच कोसळला, चौघे गेले. शेगडीच्या जोडणीतला पितळी नट सदोष होता. हीटिंगचा इथे काही संबंध नाही, पण गॅसच्या कामाकडे बघण्याची नजर बदलली. 1970 मध्ये कॉर्गी ही गॅस कारागिरांची नोंदणी संस्था आली, 1972 मध्ये सुरक्षा नियम आले, 1991 पासून व्यावसायिकांना नोंदणी सक्तीची झाली आणि 2009 मध्ये कॉर्गीच्या जागी गॅस सेफ रजिस्टर आलं.

त्याच सुमारास, 1967 ते 1977 या काळात, घराघरांतला कोळशापासूनचा गॅस जाऊन उत्तर समुद्रातला नैसर्गिक गॅस आला. जुन्या गॅसमध्येच कार्बन मोनॉक्साइड असे, नव्यात तो नव्हता. पण जळण नीट झालं नाही, तर तो बॉयलरमध्ये तयार होतोच. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, घराबाहेर पडलं की बरं वाटतं, आणि माणूस त्याला सर्दी-ताप समजतो. म्हणून बॉयलरचं आवरण आणि गॅसचा पाइप ही रेघ आम्हाला योग्यच वाटते. तिथे बकनेल यांचा उत्साह नको.

मात्र रेघेच्या अलीकडचंही लोक विसरले. 2005 पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवे गॅस बॉयलर सहसा कंडेन्सिंग प्रकारचेच बसवावे लागतात. त्यातलं निवळलेलं पाणी प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातं. 2010 च्या डिसेंबरात, शंभर वर्षांतल्या सर्वांत थंड डिसेंबरात, ते पाइप बाहेर गोठले आणि बॉयलर बंद पडले. ऐन थंडीत माणसं कारागिराची वाट बघत कुडकुडत बसली. उपाय होता तो जमिनीवरून हात पोचेल अशा पाइपावर कोमट पाणी ओतणं, उकळतं नव्हे, आणि बॉयलरचं रीसेट बटण दाबणं.

तिकडे भाड्याने राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट: दर वर्षी गॅसची तपासणी करून घेणं हे तिथे घरमालकाचं कायदेशीर काम आहे. तो कागद मागून घ्या.

आता प्रश्न घेऊ.