पिंपरीच्या मातीतले औषध

जामच्या काळ्या रानात पहिल्या सरीनंतर दरवळणारा वास मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूंचा, हे आपण वर्गात सांगतो. याच गटातून १९४३ साली अमेरिकेत क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. पण तेथील तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीही तपासली. १९६०च्या सुमारास बुरशीनाशक हॅमायसिन हाती आले. जीवाणूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! (गावाचा केवढा मान!)

पुढे जगभर तीच ती द्रव्ये पुन्हापुन्हा सापडू लागली आणि शोध मंदावला. रोगजंतू मात्र जुन्या औषधांना दाद देईनासे झाले. अडचण अशी, की मातीतले बहुतेक जीवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. अमेरिकेतील संशोधकांनी ते मातीतच ठेवून वाढवले. त्यातून मिळालेले टेक्सोबॅक्टिन २०१५ साली जाहीर झाले. ते अजून दवाखान्यात पोहोचलेले नाही.