मुलांचा रेंगाळणारा खोकला आणि घोळणा फुटणे

बालाघाटाच्या पठारावरील धाराशिव जिल्ह्यात कोरड्या उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटणे नवे नाही. जोडीला खोकला रेंगाळला, की पालक धास्तावतात. बहुधा दोहोंचे मूळ नाकातच असते. सर्दी वा ॲलर्जीने अस्तर सुजते, मूल नाक चोळते आणि पडद्याच्या पुढच्या भागातील नाजूक रक्तवाहिनी फुटते. घशात उतरणारा स्राव रात्री खोकला जागवतो.

मान मागे टाकून डोक्यावर पाणी थापण्याची रीत सोडावी, त्याने रक्त घशात जाते. मुलाला किंचित पुढे वाकवून बसवावे, नाकाचा मऊ भाग १० मिनिटे चिमटीत धरावा. मध्येच सोडून पाहू नये. कांदा हुंगवून काही साधत नाही.

खोकल्याचे औषध परस्पर आणणे मात्र धोक्याचे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची अनेक मुले विषारी डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या औषधाने दगावली. त्यांपैकी कित्येकांवर नागपुरात उपचार झाले होते. २ वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊच नयेत, असे केंद्राने त्या वेळी बजावले.

खोकला २ आठवड्यांहून लांबल्यास क्षयरोगाची तपासणी करावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. रक्त २० मिनिटांत न थांबल्यास, अंगावर निळे डाग उमटल्यास किंवा खोकल्यातून रक्त पडल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.