आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं

सुट्टीत साताऱ्याला का आला नाहीत म्हणून ताई रुसलीय, मामीचे दोन फोन येऊन गेले, तेव्हा आता एकदाच काय ते सगळ्यांना सांगून टाकते.

२०२५चा मे आमच्याकडे असा गेला. धाकटीचं सकाळी स्केटिंग, मोठ्याचं पोहणं, दुपारी दोघांचा अबॅकस, संध्याकाळी चित्रकला. नवऱ्याचं काम कंटेनर यार्डात, म्हणजे जहाज आलं की तो गेला. मी बेलापूरला ऑफिसात. आई पंधरा दिवस राहून गेली म्हणून निभावलं, नाहीतर फ्रीजवर लावलेला तो रंगीत तक्ता पाहून मलाच घेरी यायची. एका रविवारी धाकटीने विचारलं, "आज सुट्टी आहे का आपल्याला?" सुट्टीतच विचारलं तिने हे!

तर या गडबडीत मोठ्याचा सुट्टीतला प्रकल्प मागे राहिला होता. विषय, 'माझ्या परिसराचा इतिहास'. दहा पानं, चित्रांसह. त्याने एका दुपारी पहिलं पान लिहून काढलं आणि खाली तळमजल्यावरच्या आजींना वाचून दाखवायला गेला. आजी या भागातल्याच, आगरी. आमच्या इमारतीत त्यांचे दोन फ्लॅट आहेत. (का आहेत ते पुढे येईल.) त्या तेव्हा ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. याने वाचलं, "द्रोणागिरी हे नवी मुंबईतील नवीन शहर आहे. इथे पूर्वी काहीच नव्हते. फक्त चिखल आणि खाडी होती."

आजींनी सुकटीतला हात काढला नाही. म्हणाल्या, "आरे पोरा, काय नव्हता कसा? आमी व्हतो ना इथं."

पोरगा वर आला आणि ते वाक्य त्याने मला जसंच्या तसं सांगितलं. मी ओशाळले, कारण त्याचं ते वाक्य मुळात माझं होतं. आम्ही २०१६ साली इथे राहायला आलो. तेव्हापासून जो पाहुणा येईल त्याला गच्चीवर न्यायचं, लांबवर बंदराच्या क्रेन दाखवायच्या आणि म्हणायचं, "आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं हो." ताई, तुलाही म्हटलंय. त्यात थोडा अभिमानच असायचा, आपण अगदी जंगल तोडून वस्ती केल्यासारखा.

मग ठरवलं, पाच वाजले की अबॅकसला आठवडाभर दांडी आणि आजींच्या ओट्यावर बसायचं. पहिल्याच दिवशी एक शब्द मिळाला, आगोट. आमच्याकडे घाटावर हा शब्द नाही. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडाचे दिवस, आणि पावसाळ्यासाठी भरून ठेवायचं जे काही असतं तेही आगोटच. सुकट, सुके बोंबील, कांदे, मसाला, लाकूडफाटा, गुरांचा पेंढा. चार महिने चिखलातून बाजार गाठता येणार नाही, होड्या समुद्रात जाणार नाहीत, तेव्हा जे काय ते आत्ताच घरात यायला हवं. आजी लहान होत्या तेव्हा, म्हणजे साठच्या दशकात, मे महिना हा या आगोटीचा महिना. सुट्टी वगैरे शब्द शाळेतल्या गुरुजींचा. मुलांच्या लेखी मे म्हणजे सगळ्यात जास्त कामाचे दिवस.

काम कसलं? पहिलं मीठ. आगरी हे नावच मुळी आगर, म्हणजे मिठागर, यावरून आलं असं मानतात. १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, पुढे कुलाब्यात गेलं, आणि कुलाब्याचं १९८१मध्ये रायगड झालं) उरणची ओळख मिठागरं आणि दारूच्या भट्ट्या अशीच आहे. मीठ करणं म्हणजे ऊन आणि भरतीचं गणित. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका खणातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने दाट होऊ द्यायचं, शेवटच्या उथळ वाफ्यात त्याचे खडे धरले की लाकडी फळीने ओढून कडेला ढीग लावायचे. थंडी सरल्यापासून मेअखेरपर्यंत हे चालायचं. शेवटचे पंधरा दिवस नुसती धावपळ, कारण एक वळवाची सर आली तर वाफ्यातलं मीठ परत पाणी! ढिगांवर गवत-पेंढा घालून झाकायचं काम पोरांकडे. तळपायाला मिठाने भेगा पडायच्या, त्या आजींनी अजून दाखवल्या.

दुसरं काम बांधांचं. इथली भातशेती खाडीकडून मागून घेतलेली. समुद्राच्या बाजूला मातीचा मोठा बांध, त्यात पाणी सोडायला-अडवायला दारं. त्या दारांना इथे उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडायची, पावसाचं पाणी बाहेर. भरतीला बंद, खारं पाणी बाहेरच. बांधाला खेकड्याने भोक पाडलं आणि ते वेळेवर लक्षात आलं नाही तर एका उधाणात खारं पाणी शेतात, आणि मग पुढची दोन-तीन वर्षं भात विसरा. म्हणून मेमध्ये गावातली सगळी माणसं बांधावर. बायका आणि मुलं चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायची. नकाशावर जो 'चिखल' म्हणून दिसतो तो पिढ्यान्‌पिढ्या असा हातांनी थापलेला होता. पोरगा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे नेदरलँडसारखं?" हो रे बाबा, नेदरलँडसारखं. नेदरलँड पुस्तकात आहे, हे नाही.

मग शाळा? शाळा जूनच्या मध्यात, पावसाबरोबर. उत्तरेकडे शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि सुट्टी संपवून मुलं जुलैला परततात. विदर्भात उन्हामुळे आपल्यापेक्षा उशिरा घंटा होते. आपल्याकडे मात्र पाऊस, नवी पुस्तकं आणि कोऱ्या छत्रीचा वास हे एकत्रच. मला वाटायचं, हे वेळापत्रक शेतीवरून बेतलेलं असणार. आजी हसल्या. म्हणाल्या, शेतीवरून बेतलं असतं तर लावणीला सुट्टी नसती दिली? जूनमध्ये नाव घातलं की जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी. तेव्हा बाकं रिकामी, आणि पहिल्या गैरहजर मुली. त्यांची शाळा चौथीत अशीच सुटली. कोणी काढलं नाही, कोणी रागावलं नाही. लावणी झाली, मग धाकटा भाऊ झाला, मग त्या परत गेल्याच नाहीत.

यानंतरचा भाग मी पोराला कसा सांगावा याच्या विचारात होते, तर तो आजींनीच सांगितला. मी फक्त सालं शोधून दिली.

१९६५मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात कल्पना मांडली की मुंबईवरचा भार कमी करायला बंदराच्या पलीकडे नवं शहर उभं करावं. कल्पना मोठीच होती, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळेच आमच्यासारख्यांना परवडणारं घर मिळालं. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, आणि पनवेल, उरण, ठाणे या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या यादीत आल्या. भातशेती, मिठागरं सगळंच. मोबदला किती याचा वाद वर्षानुवर्षं चालला. जासईचे दि. बा. पाटील, वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, या लढ्याचे नेते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे भागात पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले.

आजी तेव्हा तिशीच्या आसपास. त्या रस्त्यावर होत्या. एवढंच सांगितलं, "पोर काखंला व्हता." पुढे गप्प बसल्या. मी विचारलं नाही. माझ्या पोराने मात्र विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?" त्यावर त्यांनी त्याच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या.

त्या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पण द्रोणागिरीत भूखंड हाती पडायला फार वर्षं गेली. आजींचे सासरे वाट बघत गेले, मग मालकही. शेवटी भूखंड मिळाला, बिल्डरने इमारत बांधली, आजींच्या घराला दोन फ्लॅट आणि थोडी रक्कम मिळाली. बाकीचे फ्लॅट विकले. त्यातला एक आम्ही घेतला. आता कळलं ना कंसातलं?

(कर्जाचे हप्ते मी नऊ वर्षं मोजतेय. पण हे घर कशाच्या बदल्यात उभं आहे ते या मेमध्ये पहिल्यांदा मोजलं.)

ऐकून झाल्यावर उरलेले दोन रविवार आम्ही बघायला घालवले. पाणजेच्या बाजूला पाणथळ उरलीय तिथे फ्लेमिंगो दिसतील म्हणून गेलो. ते पावसाआधी निघून जातात, आणि त्या दिवशी लांबवर बगळेच होते. धाकटीने तेच फ्लेमिंगो म्हणून वहीत गुलाबी रंगवले. द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशीही गेलो. वर पोर्तुगीज काळातल्या किल्ल्याचे आणि चर्चचे अवशेष आहेत. १७३९मध्ये मानाजी आंग्र्यांनी हा भाग जिंकला. आणि लोककथा अशी की हनुमान द्रोणागिरी घेऊन चालला असताना त्याचा एक तुकडा इथे पडला. पोराला किल्ला आवडला. पण घरी येताना म्हणाला, "आई, किल्ल्याचं सगळ्यांना माहितीय. उघाडीचं कोणालाच नाही." मी स्कूटर चालवत होते म्हणून बरं, माझा चेहरा त्याला दिसला नाही.

तिसऱ्या रविवारी चिरनेरला जायचं ठरलं होतं. तिथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, नाग्या कातकरी त्यातलाच हुतात्मा. पण ते राहिलंच, कारण पाऊस आला. २६ मे २०२५. मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख ११ जून. त्या वर्षी १९५०पासूनच्या नोंदींतलं सगळ्यात लवकरचं आगमन. (गंमत म्हणजे आपलं न्हावा शेवा बंदर सुरू झालं तेही २६ मेलाच, १९८९ साली. त्या बंदरासाठी जुनं शेवा गाव उठलं. नवऱ्याचा पगार तिथून येतो, म्हणून तो या गप्पांत जरा कमी बोलतो.)

त्या दिवशी आजी दारात उभ्या राहून नुसत्या पाऊस बघत होत्या. आगोट अर्धीच झाली होती, बोंबील नीट वाळले नव्हते. मी म्हटलं, "काकू, मॉलमध्ये सगळं मिळतं हो आता, बारा महिने." त्या म्हणाल्या, "मिलतो बाय. पन मना ठावं हाय ना, पाऊस आला." मग मिठागर असतं तर आज काय झालं असतं ते त्यांनी पोराला समजावून सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या मिठाची हळहळ होती ती.

जूनचे पहिले पंधरा दिवस आमची आगोट. पुस्तकं, वह्यांना खाकी कव्हरं, गणवेश, रेनकोट, डब्यांच्या बाटल्या. उरणच्या बाजारात चिखल तुडवत गेलो, कारण मोठ्याच्या मापाचे बूट ऑनलाइन दोनदा चुकीचे आले. बाजारात एका बाजूला दप्तरं टांगलेली, आणि दुसऱ्या बाजूला बायका सुकी मासळी घेऊन बसलेल्या. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, तेव्हा गिऱ्हाईक भरपूर. दप्तराच्या पिशवीतच बोंबील आले. दप्तराला चार दिवस वास!

१६ जूनला शाळा उघडली. आदल्या रात्री अकरा वाजता प्रकल्पाचं पहिलं पान परत लिहायला बसलेला पोरगा, शेजारी पेंगणारी मी. त्याने आमच्या सेक्टरचा नकाशा काढला होता, रस्ते, बाग, स्टेशन सगळं. आजींकडून त्यांच्या जुन्या शेतांची नावं विचारून आला होता आणि ती पेन्सिलीने इमारतींवर लिहीत होता. आमच्या इमारतीवर लिहिलं, 'उघाडीवरचा'. त्या तुकड्याला आजींच्या घरात तसंच म्हणत. पहिलं वाक्य त्याने खोडलं नाही, त्याच्यापुढेच लिहिलं, "असे आम्हाला वाटत होते."

दुपारी भिजून परत आला. मी ऑफिसात, पण आजींनी खालीच गाठलं. दिलास का रे, विचारलं. दिला म्हणाला. मग त्यांचा पुढचा प्रश्न असा की बाईंनी वाचून झाल्यावर वही परत मिळते का. अक्षरं आता नीट लागत नाहीत, पण उघाडीवरचा त्याने कुठे काढलाय तेवढं त्यांना बोट ठेवून बघायचंय.

वही अजून शाळेत आहे. रोज संध्याकाळी त्या विचारतात.