वाटसरूचा पादचारी कसा झाला



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची आठवण येथे बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना बहुधा एकाच रूपात असेल. साठच्या दशकात शाळा सुटल्याची घंटा झाली की गुरुजी काळी छत्री घेऊन फाटकाबाहेर येत आणि भर रस्त्यात ती आडवी धरून उभे राहत. टांगे थांबत, सायकलस्वार एक पाय टेकत, क्वचित येणारी मोटारही थांबे. एखादा टांगेवाला लगाम खेचून म्हणे, ‘‘आने दो मास्साब, बच्चों को आने दो.’’ मग आम्ही पलीकडे जात असू. गुरुजींच्या हाती कोणताही कायदा नव्हता. मुले चालत असताना वाहनाने थांबायचे, ही गोष्ट इंदूरच्या त्या रस्त्यावर कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती, एवढेच.

आज त्या रस्त्याच्या मधोमध दुभाजक आहे आणि फाटकासमोरची फट बंद झाली आहे. पलीकडे जायचे तर मुलांनी बराच वळसा घ्यावा, नाहीतर दुभाजकावरून उडी मारावी. मुले काय करतात हे सांगण्याची आवश्यकता नाही. आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले, आणि ते सभ्य होते: शाळेने विद्यार्थ्यांच्या अंगी वाहतुकीची शिस्त बाणवावी. आम्ही मागितला होता रस्ता ओलांडण्याचा मार्ग. आम्हांला मिळाली शिस्त.

मी आयुष्यभर मराठी शिकवले. कोणतेही वाक्य समोर आले की ते मूळचे कोणाचे, कोणत्या काळातले, असे विचारण्याची खोड मला आहे. या उत्तरातील वाक्याचा माग काढता काढता मी शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतील नगरपरिषदांच्या सभागृहांपर्यंत जाऊन पोचलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रवासाची हकिकत आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. रस्ता वाहनांसाठी असतो आणि माणसाने तो परवानगीने ओलांडायचा असतो, ही समजूत आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. अमेरिकेसारख्या मोटारींच्या देशातही ती १९२० च्या सुमारास रूढ नव्हती. तेथील न्यायालये चालणाऱ्याचा रस्त्यावरील हक्क वाहनाच्या बरोबरीचा मानीत. मुले रस्त्यावर खेळत, फेरीवाले उभे राहत, लोक वाटेल तेथून पलीकडे जात. त्यात मोटार आली आणि माणसे मरू लागली. एकट्या १९२० च्या दशकात त्या देशात मोटारींच्या अपघातांत दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. शहरांतील मृतांमध्ये पायी चालणारे पुष्कळ होते, आणि मुलेही पुष्कळ होती.

त्या वेळी समाजाचा रोख कोणाकडे होता, हे पाहण्यासारखे आहे. इतिहासकार पीटर नॉर्टन यांनी ‘फायटिंग ट्रॅफिक’ या २००८ च्या ग्रंथात हा सारा वृत्तांत साक्षेपाने मांडला आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा हजार मुलांची मिरवणूक निघाली. तीत १,०५४ मुलांचा एक वेगळा गट होता. आदल्या वर्षी शहरात अपघातांनी मरण पावलेल्या मुलांची ती संख्या; चालणारे प्रत्येक मूल एका गेलेल्या मुलाच्या जागी चालत होते. अन्य शहरांतही मृत बालकांची स्मारके उभारली गेली, युद्धात पडलेल्या सैनिकांची उभारावीत तशी. ‘मुलांना शिस्त लावा’ असा त्या मिरवणुकांचा सूर नव्हता. आरोपीच्या जागी मोटार होती.

या लोकभावनेला कायद्याचे रूप देण्याचा प्रयत्न १९२३ मध्ये ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात झाला. तेथील बेचाळीस हजार नागरिकांनी सह्या करून एक नगर-अध्यादेश मतदानास आणला. त्यातील मागणी साधी होती: शहरातील प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवावे की ताशी पंचवीस मैलांच्या, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरच्या वर ती धावूच नये. चालकाच्या सद्बुद्धीवर काहीच सोपवायचे नाही. वेगाला यंत्रातच लगाम घालायचा. मोटार-विक्रेते आणि मोटार-क्लब यांना यातला धोका तात्काळ कळला. वेग काढून घेतला तर मोटारीत विकण्यासारखे उरते काय? त्यांनी प्रचंड प्रचार केला. चीनच्या भिंतीचे चित्र छापून, हा अध्यादेश म्हणजे प्रगतीच्या वाटेतील तशीच भिंत आहे, असे मतदारांना सांगितले. नोव्हेंबरमध्ये मतदान झाले आणि अध्यादेश फार मोठ्या फरकाने पडला.

माझ्या मते या इतिहासाचे वळण येथे आहे. आपण हरता हरता वाचलो, हे मोटारधंद्याने ओळखले. नुसता विरोध करून भागणार नव्हते. सुरक्षिततेची व्याख्याच आपल्या हाती घ्यायला हवी होती.

ती लॉस एंजलिस शहरात घेतली गेली. तेथे व्यापारी आणि मोटारधंद्यातील मंडळींचा भरणा असलेले एक वाहतूक मंडळ होते. त्याचे अध्यक्ष पॉल हॉफमन हे स्टुडबेकर मोटारींचे विक्रेते. या मंडळाने हार्वर्ड विद्यापीठात शहरी वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या मिलर मॅक्लिंटॉक या तरुणाला पाचारण केले, आणि त्याने तयार केलेला वाहतूक-अध्यादेश नगरपरिषदेच्या मान्यतेने जानेवारी १९२५ मध्ये अमलात आला. त्यात वाहनांसाठी अनेक नियम होते व त्यांतील काही खरोखर उपयुक्त होते. परंतु नवी गोष्ट चालणाऱ्यांविषयीची होती. शहराच्या मध्यवर्ती भागात त्यांनी आखलेल्या पट्ट्यांतूनच, आणि सिग्नल मिळाल्यावरच, रस्ता ओलांडायचा. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये रस्ते-वाहतुकीच्या संशोधनाचे केंद्र उभे राहिले, त्याला स्टुडबेकर कंपनीच्या अध्यक्षांचे नाव मिळाले आणि मॅक्लिंटॉक त्याचे संचालक झाले. विद्या आणि विक्री यांचे इतके उघड लग्न क्वचितच पाहायला मिळते.

कायदा करून माणसे बदलत नाहीत, हे त्या मंडळींना ठाऊक होते. दंड करावा तर लोक चिडत. मग उपाय काढला तो उपहासाचा. पोलिसाने शिटी वाजवायची, रस्त्यावरच्या सगळ्यांनी वळून पाहायचे, आणि पट्टा सोडून चालणाऱ्याने शरमेने माघारी फिरायचे. या उपहासासाठी शब्द आधीपासून हाताशी होता: ‘जेवॉकर’. त्यातील ‘जे’ म्हणजे शहरी रीतभात न कळणारा अडाणी खेडूत. आपल्याकडे ‘गावंढळ’ म्हणतात ना, नेमका तोच अर्थ आणि तोच तुच्छतेचा सूर. कॅन्सस सिटीने १९१२ मध्येच अशा चालण्याला बंदी घातली होती. लॉस एंजलिसने तिला शास्त्राचे वजन दिले. व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय परिषदा भरल्या, आणि १९२८ मध्ये नगरपालिकांसाठी एक नमुना-अध्यादेश तयार झाला. त्यातील सूत्र लॉस एंजलिसचेच होते. गावोगावच्या नगरपरिषदांनी तो स्वीकारला. जो कालपर्यंत रस्त्याचा धनी होता, तो पाच-सात वर्षांत रस्त्यावरचा आगंतुक ठरला.

मॅक्लिंटॉक आणि त्यांचे सहकारी यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. माणसे मरत होती आणि चौक तुंबले होते. कोणी कोठून ओलांडायचे हे ठरवल्याने अपघात टळतात, हे नाकारता येणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. सिनसिनाटीचा प्रश्न होता, मोटारीला कसे आवरावे? लॉस एंजलिसने त्याच्या जागी दुसरा प्रश्न ठेवला, माणसाला कसे आवरावे? आणि प्रश्न बदलला गेला आहे, हे पुढच्या पिढीच्या लक्षातही राहिले नाही.

मराठीच्या अध्यापकाला येथे आपली भाषा आठवल्याशिवाय राहत नाही. आपला जुना शब्द ‘वाटसरू’. त्यात माणूस आणि वाट एकमेकांपासून तोडता येत नाहीत. ‘वाट देणे’ हे आपल्याकडे सौजन्य, ‘वाट अडवणे’ हा अपराध. ‘पादचारी’ हा शब्द संस्कृत असला तरी आज तो आपल्याला भेटतो तो सरकारी फलकांवर आणि अपघाताच्या बातम्यांत. वाटसरू कोठे तरी निघालेला असतो. पादचारी नियम पाळतो किंवा मोडतो.

मोटारींच्या या वादाच्या थोडे आधी रस्त्याचा प्रश्न आपल्या शहरापुढेही आला होता, निराळ्या रूपात. होळकर संस्थानाच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार येथे आले आणि त्यांनी १९१८ मध्ये इंदूरविषयीचा आपला दोन खंडांचा अहवाल दरबारला सादर केला. त्याआधी बडोद्यासाठीही त्यांनी अहवाल लिहिला होता. त्या काळच्या अभियंत्यांची रीत अशी, की नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारायची आणि त्या रेघेखाली येतील ती घरे पाडून रुंद रस्ता काढायचा. गेडिस यांना हे मान्य नव्हते. ते हाती नकाशा घेऊन गल्लीबोळांतून स्वतः पायी हिंडत, आणि एखादे पडके घर काढून, एखादी मोकळी जागा राखून गल्ली कशी सुधारता येईल हे पाहत. शस्त्रक्रिया करावी, पण रोगी जगेल इतकीच, अशी त्यांची भूमिका होती. तरी लोकांना त्यांची धास्ती वाटे. नकाशावर खुणा करणारा हा दाढीवाला साहेब लोक बोटाने दाखवत आणि म्हणत, हाच तो प्लेग आणणारा म्हातारा. खुणा झाल्या की घरे पडतात, एवढे अनुभवाने त्यांना कळले होते. गेडिस यांनी त्यावर काढलेला उपाय या नगरीत पुन्हा पुन्हा सांगितला जातो: त्यांनी एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक आखली. जी आळी अधिक स्वच्छ, तिच्यातून मिरवणूक जाणार, असे जाहीर झाले. प्लेगच्या उंदराचे सोंग त्या मिरवणुकीत होते, आणि स्वच्छता करणारे कामगार मानाने चालत होते. न्यूयॉर्कच्या मुलांची मिरवणूक यानंतर काही वर्षांनी निघाली. दोन्ही मिरवणुका रस्त्यावरूनच गेल्या, याचे मला अप्रूप वाटते.

परंतु आपल्या देशात कायदा झाला तो मोटारींचा. १९१४ चा, मग १९३९ चा आणि पुढे १९८८ चा. परवाना, नोंदणी, विमा, वेग हे त्यांचे मुख्य विषय. चालणाऱ्याचा उल्लेख येतो तो बहुधा मोटारीच्या संदर्भात. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. म्हणजे दररोज सरासरी नव्वद. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले, ही आपल्या भाषेच्या मुलखातील उल्लेखनीय घटना. धोरण आणि पदपथ यांच्यामधील अंतर किती, हे पुणेकर माझ्यापेक्षा अधिक जाणतात.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळतो, कारण गोष्ट जेथे सुरू झाली तेथेच ती उलट फिरू लागली आहे. ज्या कॅलिफोर्नियातून लॉस एंजलिसचा नमुना देशभर गेला, त्या राज्याने १ जानेवारी २०२३ पासून नियम सैल केला. अपघाताचा तात्काळ धोका नसेल तर पट्टा सोडून रस्ता ओलांडणाऱ्याला पोलिसांनी अडवायचे नाही. न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेत हाच वाद झाला. तेथे १९५८ पासून बंदी होती, आणि ती खरोखर मोडत नव्हता असा न्यूयॉर्ककर शोधूनही सापडला नसता. पण २०२३ मध्ये ज्यांच्या हाती दंडाच्या चिठ्ठ्या पडल्या, त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय वा लॅटिनो होते. सर्वांनी मोडायचा आणि काहींनीच भोगायचा, असा तो नियम होता. सप्टेंबर २०२४ मध्ये परिषदेने तो रद्द करणारा ठराव संमत केला. महापौरांनी सही केली नाही, तरी मुदत संपताच ऑक्टोबरमध्ये त्याचा कायदा झाला. मात्र पट्ट्याबाहेर ओलांडताना वाहनाला वाट देण्याची जबाबदारी चालणाऱ्यावरच ठेवली आहे. गुन्हा गेला, अग्रहक्क परत आला नाही.

आपल्याकडे १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) खाली नियम करण्यास सहा महिन्यांची मुदत दिली. हे पोटकलम २०१९ च्या दुरुस्तीने आले. सार्वजनिक जागी पायी चालणाऱ्यांच्या हालचालींचे नियमन करण्याचा अधिकार ते राज्याला देते. येथील ‘नियमन’ हा शब्द नीट वाचावा. त्याच शब्दाखाली शाळेच्या फाटकासमोर वाहनांना थांबवणारा नियम बसू शकतो, आणि दुभाजकावरून उडी मारणाऱ्या मुलाला दंड करणारा नियमही बसू शकतो. सिनसिनाटी आणि लॉस एंजलिस ही दोन्ही त्या एका शब्दात दडलेली आहेत.

त्याच कायद्याचे कलम २१२ सांगते की असे नियम आधी मसुद्याच्या रूपाने प्रसिद्ध करावे लागतात, आणि त्यांवर नागरिकांना हरकती घेता येतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, अभियंते आहेत, नगरसेवक होऊन गेलेले आहेत. त्यांच्यापैकी दोघातिघांनी राज्याच्या राजपत्रावर लक्ष ठेवावे आणि हा विषय निघेल तेव्हा मसुदा या शाळेत आणावा, अशी माझी विनंती आहे. आमच्या पत्राला आलेले ते उत्तर मी जपून ठेवले आहे. हरकतीच्या अर्जाला ते जोडता येईल. अर्जाचे मराठी आणि हिंदी मी पाहून देईन.