डी.ओ. पदवीचा प्रवेश

डी.ओ. : अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची पदवी. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 साली मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले महाविद्यालय काढले. अमेरिकेत डी.ओ.ला औषधोपचाराचे व शस्त्रक्रियेचे अधिकार एम.डी.इतकेच, हाडां-स्नायूंवरील हस्तोपचार हा जादा विषय. प्रवेशासाठी आधी पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, आणि बहुतेक महाविद्यालयांना मिळून ‘अ‍ॅकोमास’ हा एकच अर्ज. इकडे चकलांब्याच्या (ता. गेवराई, जि. बीड) विद्यार्थ्याची डॉक्टर होण्याची वाट निराळी: बारावी, नीट, मग राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशफेऱ्या, एमबीबीएस काय, बीएएमएस काय, गुण नीटचेच. विभागनिहाय जागांचे 70:30 सूत्र (70 टक्के जागा त्या विभागातील मुलांना, 30 टक्के उरलेल्या राज्याला) 2020 मध्ये रद्द झाले. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी, त्यामुळे येथील मुलांना ते जाचकच होते. जिल्ह्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला आहे.