घड्याळ बदलावं का?

लेक मागे लागलीय, "बाबा, नवं घ्या ना आता!" माझं स्मार्टवॉच चार वर्षांचं. चालतं, पण चार्ज संध्याकाळपर्यंतच टिकतो.

ठरवण्याआधी जरा इतिहास चाळला. एप्रिल २०१५ मध्ये ॲपलचं पहिलं घड्याळ आलं. त्यातलं १८ कॅरट सोन्याचं १०,००० डॉलरपासून पुढे (हो, दहा हजार!). २०१८ ची नवी प्रणाली, वॉचओएस ५, त्यावर चालेचना. सोनं तेवढं शाबूत!

'पेबल'ची तऱ्हा वेगळी. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी कोटीभर डॉलर दिले आणि डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीच मिटली. जून २०१८ नंतर तिच्या ऑनलाइन सेवाही थांबल्या. मग वापरणाऱ्यांनीच 'रिबल' उभं करून घड्याळं जगवली.

आणि आमच्या आप्पांचं एचएमटी 'जनता'? एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला घड्याळं बनवायला घेतली. २०१६ मध्ये सरकारने तो कारभार बंद करायचं ठरवलं. घड्याळाला त्याचा पत्ताच नाही. चावी दिली की टिकटिक सुरू...

असो. माझ्या घड्याळाला अपडेट अजून येतात. ते थांबतील तेव्हा बघू. तूर्तास फक्त बॅटरी बदलून घेतोय. लेक रुसलीय.