प्रोफाइलवरून रेझ्युमे : कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत कशी घ्यावी?

नोकरीच्या शोधात असलेल्या अनेकांची व्यावसायिक माहिती आज लिंक्डइनसारख्या संकेतस्थळावर आधीपासूनच असते. शिक्षण, पूर्वीच्या नोकऱ्या, कौशल्ये, प्रमाणपत्रे असा सर्व तपशील तेथे भरलेला असतो. तरीही एखादी कंपनी जेव्हा रेझ्युमे मागते, तेव्हा तो पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागतो. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने हे काम काही मिनिटांत करून देतात. मात्र त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी उमेदवाराचीच असते. म्हणूनच या साधनांचा वापर कसा करावा आणि कोठे सावध राहावे, याची माहिती असणे आवश्यक आहे.

प्रोफाइल आणि रेझ्युमे यांतील फरक

लिंक्डइन हे संकेतस्थळ मे २००३ मध्ये सुरू झाले. २०१६ मध्ये ते मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतले. तेथील प्रोफाइल सर्वांसाठी एकच असते. माजी सहकारी, ग्राहक आणि संभाव्य मालक असे सर्वजण तेच पाहतात. रेझ्युमे मात्र एका विशिष्ट पदासाठी लिहिला जातो. प्रोफाइलमधील स्वपरिचयाच्या भागात सुमारे २,६०० अक्षरे मावतात. रेझ्युमेतील परिचय तीन-चार ओळींत संपणे इष्ट असते. त्यामुळे प्रोफाइल जसेच्या तसे उतरवून काढले तर रेझ्युमे तयार होत नाही. त्यातून निवड करावी लागते.

आपल्याकडील पारंपरिक बायोडाटा ही आणखी निराळी गोष्ट होय. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती असा मजकूर त्यात असे. खासगी क्षेत्रातील रेझ्युमेमध्ये या माहितीची सहसा गरज नसते. सरकारी पदांसाठी, उदाहरणार्थ केंद्रीय किंवा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी, विहित नमुन्यातच अर्ज करावा लागतो. त्या ठिकाणी असा रेझ्युमे अर्जाची जागा घेऊ शकत नाही.

माहिती बाहेर कशी काढावी?

यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की, संगणकावर आपले प्रोफाइल उघडून तेथील पर्यायांमधून ते पीडीएफ स्वरूपात जतन करावे. हा मार्ग सोपा आहे, परंतु त्यात एक अडचण येते. या पीडीएफमध्ये संपर्क, भाषा, प्रमुख कौशल्ये हा मजकूर बाजूच्या स्वतंत्र स्तंभात असतो. साधनाने तो वाचताना दोन्ही स्तंभांतील मजकुराची सरमिसळ होऊ शकते. मजकूर देवनागरीत असल्यास पीडीएफमधून काढताना काना-मात्रा व जोडाक्षरे तुटण्याचाही संभव असतो.

दुसरा मार्ग म्हणजे सेटिंग्जमधील डेटा प्रायव्हसी या विभागातून आपल्या माहितीची प्रत मागवणे. ही माहिती सीएसव्ही स्वरूपातील निरनिराळ्या फाइलींत मिळते. पदे, शिक्षण, कौशल्ये अशा फाइली वेगळ्या असल्याने सरमिसळ होत नाही. परंतु संपूर्ण प्रत मागवल्यास तिच्यात आपले संदेश आणि परिचितांची यादीही असते. ही माहिती इतरांचीही असल्याने संपूर्ण संच कोणत्याही साधनाला देऊ नये. आवश्यक तेवढ्याच फाइली निवडाव्यात.

अनेकजण केवळ प्रोफाइलचा दुवा देऊन रेझ्युमे मागतात. हे टाळावे. प्रोफाइलचा बराचसा भाग लॉग-इन केल्याशिवाय दिसत नाही आणि यंत्राद्वारे माहिती गोळा करण्यास लिंक्डइनच्या अटींनुसार मनाई आहे. दुवा उघडता आला नाही तरी काही वेळा साधन अंदाजाने मजकूर रचून देते. असा रेझ्युमे दिसायला नीटनेटका असला तरी तो भलत्याच व्यक्तीचा ठरू शकतो.

साधनाला काय सांगावे?

प्रोफाइलच्या मजकुराबरोबर नोकरीच्या जाहिरातीचा मजकूरही द्यावा. त्यानंतर स्पष्ट सूचना कराव्यात. पुढील सूचना उपयुक्त ठरतात :

१. दिलेल्या माहितीबाहेरील कोणतीही गोष्ट, आकडा किंवा कौशल्य जोडू नये.
२. माहिती अपुरी असेल तेथे रिकामी जागा ठेवून प्रश्न विचारावा.
३. पदनामे, संस्थांची नावे व तारखा यांत बदल करू नये.
४. अलीकडची नोकरी प्रथम, या क्रमाने मांडणी करावी.
५. जाहिरातीतील कोणत्या अपेक्षा माहितीत आढळत नाहीत, त्यांची वेगळी यादी द्यावी.

शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे काय कमी आहे हे त्यामुळे आधीच कळते आणि मुलाखतीची तयारी करता येते.

चूक कोठे होते?

ही साधने माहितीची केवळ नक्कल करीत नाहीत. आधीच्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, याच्या आधारे ती वाक्य रचतात. रेझ्युमेमध्ये सर्वसाधारणपणे टक्केवारी, बचत आणि वाढ यांचे उल्लेख असतात. त्यामुळे माहिती नसतानाही ती असे आकडे घालण्याचा धोका राहतो.

उदाहरणादाखल, चाकण येथील वाहनांच्या सुट्या भागांच्या गोदामात काम करणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याने प्रोफाइलवर ‘स्टोअर विभागाचे काम पाहतो’ एवढेच लिहिले आहे असे समजू. त्यावरून साधन ‘साठा व्यवस्थापनात सुधारणा करून खर्चात ३० टक्के बचत केली’ असे वाक्य लिहू शकते. वाक्य आकर्षक आहे, पण ही बचत कशी मोजली, असे मुलाखतीत विचारल्यास उत्तर नसते. त्याऐवजी त्या कर्मचाऱ्याने स्वतः तपशील पुरवावा : किती प्रकारचे भाग, आवक-जावकीची नोंद कोणत्या संगणक प्रणालीत, साठामोजणी महिन्यातून किती वेळा, हाताखाली किती माणसे. यावरून तयार होणारे वाक्य साधे असेल, परंतु त्याला कागदपत्रांचा आधार असेल.

पदनाम फुगवण्याचा प्रकारही घडतो. ‘पर्यवेक्षक’ या पदाचे इंग्रजी रूपांतर करताना ते ‘मॅनेजर’ होऊ शकते. नियुक्तिपत्रावर जे पदनाम आहे तेच रेझ्युमेत असावे. नोकरी देताना अनेक कंपन्या पूर्वीच्या मालकांकडे पडताळणी करतात. चुकीची माहिती आढळल्यास दिलेला प्रस्ताव मागे घेतला जाऊ शकतो किंवा रुजू झाल्यानंतरही नोकरी गमवावी लागू शकते. साधनाने तसे लिहिले, ही सबब तेथे चालत नाही.

मराठी उमेदवारांनी लक्षात ठेवण्याच्या बाबी

महाराष्ट्रातील शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, त्यानंतर स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. त्यामुळे साधन वडिलांच्या नावालाच आडनाव समजण्याची शक्यता असते. रेझ्युमे, प्रमाणपत्रे आणि ओळखपत्र यांवरील नाव व त्याचे इंग्रजी स्पेलिंग जुळते की नाही, हे पाहावे. विवाहानंतर नाव बदलले असल्यास अधिक काळजी घ्यावी.

महाराष्ट्रात ‘एसएससी’ म्हणजे दहावीची परीक्षा. परंतु दिल्ली, भोपाळ किंवा लखनऊ येथे ही अक्षरे वाचणाऱ्याच्या मनात कर्मचारी निवड आयोग येऊ शकतो. राज्याबाहेर अर्ज करताना ‘दहावी, महाराष्ट्र राज्य मंडळ’ असे पूर्ण लिहिणे योग्य ठरते.

मांडणी कशी असावी?

मोठ्या कंपन्यांकडे येणारे अर्ज प्रथम संगणक प्रणालीत साठवले जातात. ही प्रणाली रेझ्युमेतील मजकूर वाचून नाव, अनुभव, कौशल्ये असे विभाग पाडते. चित्रे, तक्ते, दोन स्तंभ किंवा चौकटींत बसवलेला मजकूर तिला नीट वाचता येईलच असे नाही. म्हणून एकाच स्तंभात, परिचित शीर्षके देऊन मजकूर मांडावा. जाहिरातीतील शब्द आपल्या कामाला खरोखर लागू असतील तरच वापरावेत. न दिसणाऱ्या पांढऱ्या अक्षरांत शब्द भरण्याची क्लृप्ती मजकूर वेगळा काढताच उघडी पडते.

गोपनीयता

साधनाला मजकूर देण्यापूर्वी त्यातून घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक व जन्मतारीख काढून टाकावी. हा तपशील नंतर स्वतः भरता येतो. आधार व पॅन क्रमांकांची तर रेझ्युमेत मुळीच आवश्यकता नसते. पूर्वीच्या कंपनीतील ग्राहकांची नावे, दर किंवा अंतर्गत आकडे देऊ नयेत. आपला मजकूर साधनाच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ नये, असा पर्याय अनेक सेवांमध्ये उपलब्ध आहे. तो आधीच निवडावा. शुल्क घेऊन रेझ्युमे करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांना लिंक्डइनचा पासवर्ड कधीही देऊ नये.

अंतिम तपासणी

रेझ्युमे पाठवण्यापूर्वी तो छापून घ्यावा आणि प्रत्येक ओळीपुढे तिचा आधार लिहावा : नियुक्तिपत्र, अनुभव प्रमाणपत्र, गुणपत्रिका किंवा प्रत्यक्ष केलेले काम. ज्या ओळीला आधार सापडत नाही ती काढून टाकावी. त्यानंतर प्रोफाइल व रेझ्युमे यांतील तारखा जुळवून पाहाव्यात, कारण निवड करणारी व्यक्ती दोन्ही पाहू शकते. या तपासणीत प्रोफाइलमधीलच एखादी चूक आढळल्यास तीही त्याच वेळी दुरुस्त करावी.